पोरगा फोन उचलतो, पण बोलत नाही

उद्यमबागवाला | रविवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. धागा कुठल्या विभागात घालायचा कळेना, म्हणून 'घर-संसार'मध्ये घालतोय. अ‍ॅडमिन, हलवायचा असला तर हलवा.

मी बेळगावात उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहे, बावीस वर्षं झाली. घर अनगोळात. थोरला बेंगळूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, धाकटी इथंच फर्स्ट पीयूला (म्हणजे अकरावी), सायन्स. थोरला लहानपणी माझ्याशिवाय जेवायचा नाही. शिवजयंतीचे चित्ररथ बघायला रात्रभर माझ्या खांद्यावर. आता फोन असा होतो बघा:

"जेवलास?"
"होय."
"काय होतं?"
"मेसचं."
"अभ्यास?"
"चालू हाय."
"बरं, ठेवू?"
"ठेवा."

एक मिनिट अकरा सेकंद. फोनमध्येच दिसतं, मी काय मोजत बसत नाही.

पोरगं वाईट नाही. व्यसन नाही, पैसे उधळत नाही. गणपतीला आला तर मंडळात दिवसरात्र दंगा. मित्रांत बसला की हसण्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. उंबऱ्याच्या आत पाय टाकला की मुका. मागच्या आठवड्यात असाच फोन केला, सहज, कामावरून येताना. तर पहिलंच वाक्य, "पप्पा, काम काय होतं ते सांगा." मी म्हटलं काम काय नाही रे. तर म्हणतो, "मग?"

ते 'मग' डोक्यात बसलंय. ज्यांची पोरं मोठी आहेत त्यांनी सांगा, तुम्ही काय करता? का हे असंच असतं?

---

शहापूरची काकू | रात्री १०:४१

असंच असतं. आमच्या दोघी लग्न होऊन गेल्यावर बोलायला लागल्या. 😄 धीर धरा.

टिळकवाडी_५८ | रात्री ११:०५

मोबाईल. दुसरं काही नाही. मोबाईल काढून घ्या, आठ दिवसांत बोलायला लागेल.

उद्यमबागवाला | रात्री ११:०९

सर, बेंगळूरला जाऊन काढून घेऊ? आणि मग फोन कशावर करू?

टिळकवाडी_५८ | रात्री ११:१२

तत्त्व म्हणून सांगितलं.

निपाणीची_लेक | सोमवार, सकाळी ६:५०

भाऊ, माझं उलटं आहे म्हणून लिहिते. मी विड्या वळल्या आयुष्यभर, आता सूप मांडीवर घेऊन बसवत नाही. मुलगी पुण्यात नर्सिंगला आहे. ती दिवसाला दोनदा फोन करते, कारण नसताना. एकदा विचारलं, गं बाई, एवढं काय असतं तुझं? तर म्हणाली, होस्टेलवर माझ्या मराठीला हसतात. 'काय करुलालास' म्हटलं की सगळ्या पोरी नक्कल करतात. दिवसभर तोलून-मापून पुस्तकातलं बोलायचं, जबडा दुखतो. तुझ्याशी बोलताना जीभ मोकळी होते.

मला वाईट वाटलं आणि बरंपण वाटलं. कर्नाटकात आमचं कन्नड तोडकं, महाराष्ट्रात आमचं मराठी गावठी. पोरांनी सरळ बोलायचं तरी कुठं? तुमचा मुलगा बेंगळूरला मराठी कुणाशी बोलतो, विचारलंय कधी?

उद्यमबागवाला | सकाळी ७:१५

नाही विचारलं. रूमवर एक हुबळीचा, एक मंगळूरचा आहे एवढं माहीत आहे.

मराठहळ्ळीतला बेळगावकर | सोमवार, दुपारी १:३०

काका, मी २४ वर्षांचा आहे. इथं वाचतो फक्त, लिहीत नाही. लंच ब्रेकमध्ये लिहितोय, चूकभूल माफ.

तुमच्या मुलाचं माहीत नाही, माझं सांगतो. माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात, पण गल्लीत क्रिकेट खेळताना कन्नड चांगलं आलं. घरात आई-पप्पांना बाजारापुरतंच येतं, आणि लिपी अजिबात नाही. म्हणून पाचवीपासून घरातला कन्नड कागद मी वाचायचो. लाईटबिल, शेताचा उतारा, रेशनकार्डाचं, बँकेचं पत्र. सातवीत असताना पप्पा मला शाळेच्या ड्रेसवर एका ऑफिसात घेऊन गेले. वाटणीचं काहीतरी होतं. आतले साहेब पप्पांना कन्नडमध्ये बोलले, ते मी मराठीत सांगायचं. पप्पांचं मराठी मी कन्नडमध्ये सांगायचं. साहेब चिडले. जे बोलले ते पप्पांना बोलले, पण ऐकलं मी एकट्यानं, कारण कळत मलाच होतं.

पप्पांनी विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "पुढच्या सोमवारी या म्हणाले."

ते खरंच म्हणाले होते. बाकीचं मी गाळलं. पप्पांना वाईट वाटू नये म्हणून. तेव्हापासून घरी अर्धं सांगायचं आणि अर्धं गाळायचं ही सवयच लागली, काका. पहिल्यांदा ऑफिसातलं गाळलं, मग शाळेतलं, मग कॉलेजचं. आता कंपनीत काय चाललंय तेही "बरं हाय" एवढंच.

तुमचा मुलगा "काम काय होतं" असं का म्हणाला, याचा मला अंदाज आहे. चुकीचाही असेल. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप उघडा आणि गेल्या महिन्यात त्याला काय काय पाठवलंय ते वर सरकवून बघा.

शहापूरची काकू | दुपारी २:०२

अरे देवा.

उद्यमबागवाला | सोमवार, रात्री ९:५५

बघितलं. जसं आहे तसं लिहितो.

लाईटबिलाचा फोटो, "हे वाढलंय का बघ". येळ्ळूर शिवारातल्या आमच्या वाट्याच्या उताऱ्याचा फोटो, "नाव बरोबर आहे का". धाकटीच्या कॉलेजची नोटीस. बायकोच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार जमा झाले नाहीत त्याचा मेसेज, "काय लिहिलंय". रेशनचं केवायसी. पुन्हा उतारा, कारण पहिला फोटो हलला होता.

त्याच्याकडून आलेलं: उत्तरं. सगळी व्यवस्थित, मुद्देसूद, एखाद्या वकिलासारखी. मध्ये एकच फोटो त्यानं आपणहून पाठवलेला. रूमवर पिठलं केलं होतं, कढई आणि शेजारी हुबळीच्या मित्राचा हात. त्याला मी अंगठा दाखवलाय. आणि त्याच्याच खाली, तीन मिनिटांनी, उतारा.

टिळकवाडी_५८ | रात्री १०:१०

यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे? आम्ही वडिलांची कामं केली नाहीत का? शेणाच्या पाट्या उचलल्या, भात झोडलं, पहाटे दूध घातलं. आई-बापाचं काम केलं म्हणून मुलांच्या मनावर परिणाम होतो हे आजचं नवीन खूळ आहे.

खासबाग_माग | रात्री १०:३८

टिळकवाडी सर, मान ठेवून बोलतो, फरक आहे. आमचं घर विणकराचं. मी आठ वर्षांचा असल्यापासून कांड्या भरल्या. तुटलेला धागा दिसला नाही की आप्पा पाठीत धपाटा घालायचे. पण तिथं आप्पा आप्पा होते. त्यांना सगळं येत होतं, मला येत नव्हतं, ते शिकवायचे, मी शिव्या खायचो. कागद वाचायच्या कामात उलटं होतं. तिथं बापाला काही येत नाही आणि पोराला सगळं कळतं. पोरगं बापाचा बाप होतं. दहा वर्षांच्या पोराला ते पेलत नाही, आणि बापालाही नंतर त्याच्यासमोर सरळ बसवत नाही. मी स्वतः माझ्या मुलीसमोर फॉर्म ठेवताना आवाज मुद्दाम चढवतो. का चढवतो ते आज कळलं.

टिळकवाडी_५८ | रात्री १०:५०

हा मुद्दा मान्य.

कंग्राळी_एक्सप्रेस | रात्री ११:०१

मूळ दुखणं वेगळंच आहे. कागद मराठीत मिळाले असते तर हा प्रश्नच आला नसता. भाषिक अल्पसंख्याकांना परिपत्रकं त्यांच्या भाषेत मिळावीत ही मागणी किती वर्षं

अ‍ॅडमिन | रात्री ११:०४

त्यासाठी वेगळा धागा आहे, चारशेच्या वर प्रतिसाद झालेत. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाचाही वेगळा आहे. इथं मुलांबद्दल.

खानापूरची आक्का | मंगळवार, पहाटे ५:४५

भात कापणी चालू आहे म्हणून उशिरा वाचलं. मी दुसरीच गोष्ट विचारते. दादा, तुमची धाकटी? थोरला बेंगळूरला गेल्यावर आता घरातले कागद कोण वाचतं?

उद्यमबागवाला | मंगळवार, दुपारी १२:४०

आक्का, तुम्ही नेमकं बोट ठेवलं. परवाच तिच्याकडे एक दिला. ती म्हणाली, "दादाला पाठवा ना, मला अभ्यास हाय." मी ओरडलो.

खानापूरची आक्का | दुपारी १:२०

ओरडलात ते झालं. पण फर्स्ट पीयू सायन्स म्हणजे पोरीचं काय चाललंय ते बघा आधी. माझी रोज बसनं बेळगावला जायची, सव्वीस किलोमीटर. आता बायकांना बस फुकट, म्हणून तिकिटाचा प्रश्न नाही. पण सकाळी उभ्यानं जायचं, संध्याकाळी उभ्यानं यायचं. दहावीला चांगले मार्क होते. पहिल्या टेस्टला तीन विषय गेले आणि तिनं मला सांगितलंच नाही. पेपर गादीखाली सापडला. मी रागावले नाही असं नाही, रागावले. मग चार दिवस आम्ही बोललो नाही. पाचव्या दिवशी शेंगा फोडत बसलो होतो तेव्हा म्हणाली, "आई, सर काय म्हणतात तेच कळत नाही." विषय कळत नाही असं नव्हे. *काय म्हणतात* ते कळत नाही.

निवृत्त_गुरुजी | मंगळवार, सायंकाळी ६:१५

तीस वर्षं मराठी शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून आक्कांच्या शेवटच्या वाक्यावर थांबलो.

आमची मुलं दहावीपर्यंत सगळं मराठीतून शिकतात. प्रकाशसंश्लेषण, गुरुत्वीय त्वरण, लसावि, मसावि. जूनमध्ये पीयूच्या वर्गात बसली की तेच सगळं इंग्रजीतून, शंका विचारायची तर कन्नडमधून, आणि शेजारी इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं. हुशार मुलगा सुद्धा पहिले तीन-चार महिने मुका होतो. एक विद्यार्थी दिवाळीत भेटायला आला आणि म्हणाला, गुरुजी, मला येत होतं पण ते मलाच ओळखू आलं नाही. मी त्याच्यासोबत बसून वहीत दोन रकाने केले, डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. महिनाभर एवढंच केलं. गणित आधीचंच होतं, फक्त त्याची नावं बदलली होती.

तेव्हा 'अभ्यास कर' म्हणण्याऐवजी एक दिवस वही उघडून तिला म्हणा, हे तू मराठीत काय म्हणायचीस? तुम्हाला विज्ञान यायची गरज नाही.

आणि नापास होण्याची भीती घरात फार मोठी करू नका. २०२४ पासून दहावीच्या आणि सेकंड पीयूच्या वर्षाला एकापेक्षा जास्त परीक्षा होतात. एकदा गेलं म्हणजे वर्ष गेलं हा आमच्या काळचा हिशेब आता राहिला नाही. पालकांना हे माहीत नसतं, मुलांना असतं, आणि ती सांगत नाहीत कारण तुम्हाला ती पळवाट वाटेल.

सिस्टर_कॅम्प | मंगळवार, रात्री ८:३०

मी नर्स आहे. दोनच गोष्टी सांगते, ड्यूटीला जायचंय.

एक, झोप. या वयात शरीराचं घड्याळच पुढं सरकतं, झोप उशिरा येते. तो आळस नाही. तेरा ते अठराच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. रात्री बारापर्यंत वाचून सकाळी सहाच्या बसला जाणारं पोरगं चिडकं होणारच. त्या चिडण्याला 'संस्कार' हे औषध नाही.

दुसरं जरा गंभीर. कमी बोलणं वेगळं आणि कोमेजणं वेगळं. उद्यमबाग दादांचा मुलगा मित्रांत हसतो, मंडळात नाचतो, हे मला बरं लक्षण वाटतं. पण जे मूल मित्रांतही जाईनासं होतं, जेवण-झोप पार बिघडते, आवडीचं सगळं सोडतं, "माझ्यामुळं तुम्हाला त्रास" असं बोलायला लागतं, आणि हे दोन आठवडे टिकतं, तिथं वाट बघू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, फुकट, दिवसरात्र चालू. मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही. मुलानं करायची वाट बघायला नको, आई-बापानं आधी स्वतःसाठी केला तरी चालतो. आणि जीवाचं काही बोललं असेल तर मुलाला एकटं सोडू नका, सरळ दवाखान्यात न्या. असं विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं घुसेल, ही भीती खोटी आहे. स्पष्ट विचारा.

शहापूरची काकू | रात्री ८:५०

नंबर फ्रिजवर चिकटवला.

निवृत्त_गुरुजी | रात्री ९:२०

मूळ धाग्याबद्दल एक सुचवतो. उद्यमबागवाले, कन्नड लिपी अवघड नाही. वर्णमाला आपलीच आहे, क ख ग घ त्याच क्रमानं. ळ सुद्धा आहे. फक्त ए आणि ओ हे त्यांच्यात ऱ्हस्व आणि दीर्घ असे वेगवेगळे असतात. बसच्या पाट्या वाचत गेलात तर दोन महिन्यांत उताऱ्यावरचं स्वतःचं नाव वाचाल. मुलाकडूनच शिका! नातं आपोआप जुळेल.

मराठहळ्ळीतला बेळगावकर | रात्री ९:४४

गुरुजी, लिपी शिकायची कल्पना एक नंबर. पण मुलाकडून नको. 🙏 पुन्हा त्याच्याच डोक्यावर नवीन काम. बसच्या पाट्यांवरून शिका, धाकट्या मुलांच्या अंकलिपीवरून शिका. तोवर गूगल लेन्स कन्नड कागदाचा फोटो काढून मराठीत दाखवतं, शंभर टक्के बरोबर नाही पण बिल समजायला पुरेसं. उताऱ्यासारखं महत्त्वाचं असेल तर ग्राम वन (सरकारी सेवा केंद्र) किंवा कॉम्प्युटर सेंटरवाल्याला पैसे देऊन वाचून घ्या. माझ्या पप्पांना हे सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही, तुम्हाला सांगतोय.

निवृत्त_गुरुजी | रात्री ९:५०

बरोबर. मागे घेतो.

उद्यमबागवाला | रात्री १०:३०

ठरवलं. महिनाभर त्याला एकही कागद नाही. बघू.

---

उद्यमबागवाला | एकोणीस दिवसांनी, रविवार, रात्री ११:१५

धागा वर आणतोय. काही जणांनी मेसेज करून विचारलं होतं.

पहिला फोन फसला. कागद नाही म्हटल्यावर मलाच विषय सुचेना. जेवलास झालं, पाऊस झाला, मग दोघंही गप्प. शेवटी मी ठेवला. दुसऱ्या आठवड्यात एक मजा झाली. त्याचाच फोन, आणि आवाज घाबरलेला. "पप्पा, सगळं बरं हाय नव्हं? दहा दिवस झाले, एक पण फोटो नाही. लाईटबिल आलं नाही काय?" त्याला वाटलं घरात काहीतरी झालंय आणि आम्ही लपवतोय. म्हणजे लपवायची सवय दोन्ही बाजूंना आहे हे पोराला चांगलं माहीत आहे. मी म्हटलं बिल आलं, भरलं, लेन्सवर बघितलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "लेन्सवर युनिटचा आकडा नीट दिसतो काय?" मी म्हटलं ते राहू दे, तुझ्या वर्कशॉपच्या लॅबमध्ये लेथ कुठला आहे सांग.

तिथून गाडी सुटली. त्यांचा लेथ जुना, बेडला घासलेला, त्यावर जॉब टेपर, म्हणजे निमुळता येतो आणि हा मार्क कमी पडतात म्हणून वैतागलेला. मी म्हटलं टेलस्टॉक बघ, सेंटर सरकलं असणार. त्यानं विचारलं, कसं ओळखायचं? बावीस वर्षांत मला या पोरानं माझ्या कामातलं पहिल्यांदा काहीतरी विचारलं. खासबागवाले, तुमचं ते कांड्यांचं आठवलं. चौदा मिनिटं बोललो. लाईनवरचा साहेब दोनदा बघून गेला.

आणि काल रात्री स्वतःहून सांगितलं की थर्ड सेमचं मॅथ्स अजून राहिलंय. बॅक. वर्ष होत आलं, आम्हाला "सगळं क्लिअर" म्हणून सांगितलं होतं. माझ्या तोंडात आलं होतं, फी कोण भरतंय माहीत आहे का. बायको समोर उभी होती, तिनं हातानंच थांबा म्हणून खूण केली. मी एवढंच विचारलं, "मग आता?" ओरडायला पाहिजे होतं का, मला अजून कळत नाही. एवढे महिने खोटं बोलला ही गोष्ट छोटी नाही.

धाकटीच्या वहीत गुरुजींचे दोन रकाने सुरू आहेत. ती मला उजवीकडचे शब्द विचारते आणि मी चुकलो की हसते.

खानापूरची आक्का | रात्री ११:२८

हसू दे.

टिळकवाडी_५८ | रात्री ११:३५

फीचं एकदा शांतपणे बोलावंच लागेल. आज नको, पण बोला. लाडावू नका.

खासबाग_माग | रात्री ११:४०

टेलस्टॉक काय असतं ते मलापण सांगा कधीतरी.

मराठहळ्ळीतला बेळगावकर | रात्री ११:५२

काका, थर्ड सेमचं मॅथ्स माझंही राहिलं होतं, दोनदा. नोट्स आहेत, सोडवलेले जुने पेपर पण आहेत. रविवारी मी मोकळा असतो, तो कुठं राहतो तिथं येऊन देतो. पण आधी त्याला विचारा. आणि मी इथं लिहिलेलं ते ऑफिसातलं वगैरे त्याला सांगू नका.

उद्यमबागवाला | रात्री ११:५८

विचारतो. त्याला या धाग्याचं काही माहीत नाही, काळजी नको.

मराठहळ्ळीतला बेळगावकर | सोमवार, रात्री १२:०३

अनगोळ, लेथ, येळ्ळूर शिवार, फर्स्ट पीयूची बहीण, पिठल्याचा फोटो. काका, बेंगळूरला बेळगावची जेवढी पोरं आहेत ती सगळी हा फोरम वाचतात.